साडेतीन लाख आहेत म्हणून साडेतीन लाखांची गाडी घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला चिंचवडला, गाव पाटणजवळ. ऑफिसला कंपनीची बस आहे. गाडी लागते ती महिन्यातून एकदा गावी जायला आणि शनिवार-रविवारी शहरात फिरायला. घरात तुम्ही दोघं, एक लहान मूल आणि गुडघे दुखणारे वडील. पहिलीच गाडी, बजेट साडेतीन लाख. एका गाडीबाजारात २०१४ ची डिझेल स्विफ्ट पाहिलीत, मीटरवर ८२ हजार, दुसरा मालक, मागतायत ३ लाख ४०. मेहुणे म्हणतात डिझेल घ्या, ॲव्हरेज मिळेल. एजंट म्हणतो आजच दहा हजार टोकन टाका, उद्या गाडी राहणार नाही. आणि तुम्ही विचारताय, ही स्विफ्ट घेऊ की पेट्रोल वॅगन आर बघू?

सांगली-मिरज रस्त्यावर बावीस वर्षं माझं गॅरेज आहे. गाड्या विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे लोकांनी काय घेतलं ते घेतल्यानंतर महिन्याभरात माझ्यासमोर उभं असतं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण स्विफ्ट की वॅगन आर ही नाहीच. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत, दोन्हींचे पार्ट कऱ्हाडलाही मिळतात. अडचण अशी आहे की तुम्ही एकच गाडी पाहिलीत, ती मनात भरली आहे आणि खिशातले सगळे पैसे तिच्यावर लावायच्या बेतात आहात. या बजेटात चांगली गाडी मिळते, पण चार-पाच गाड्यांना नाही म्हटल्यावर मिळते.

आधी पैशांचं बोलू. साडेतीन लाख असतील तर गाडीवर पावणेतीन, फार तर दोन लाख नव्वदपर्यंत जा. उरलेले साठ ते पंच्याहत्तर हजार पहिल्या तीन महिन्यांत लागतात आणि ते लागतातच. दहा वर्षांची गाडी विकणारा माणूस शेवटचं वर्षभर तिच्यावर खर्च करत नाही, हे धरून चाला. टायर झिजले तर म्हणतो, जाऊ दे, विकायचीच आहे. आमच्याकडचा अंदाज सांगतो: चार टायर सोळा-सतरा हजार, बॅटरी चार-पाच हजार, ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून सात-आठ हजार, खालचे धक्के झेलणारे भाग, म्हणजे बुश, लिंक रॉड आणि एखादा शॉकअप, धरून आठ-दहा हजार. विमा आणि ट्रान्स्फरचा खर्च वेगळा. हे पैसे बाजूला नसले की माणूस झिजल्या टायरवर खंबाटकी उतरतो. वरची स्विफ्ट ३ लाख ४० ला घेतलीत तर तुमच्या हातात दहा हजार राहतात.

आता डिझेल. तुमचं रनिंग मी मोजलं. गावी जाऊन-येऊन चारशेच्या आसपास, शहरात दोन-अडीचशे, म्हणजे वर्षाला फार तर आठ हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी सतराचा ॲव्हरेज देईल, डिझेल एकवीसचा. पेट्रोल शंभराच्या थोडं पुढे आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर वर्षाला बचत होते चौदा हजार. एवढ्या वयाच्या डिझेलला डिझेल फवारणारा एक इंजेक्टर नवा लागला तर वर्षाची सगळी बचत एका दुपारी संपते. टर्बोच्या खर्चाचं तर नावच नको. शिवाय २०१४ ची गाडी २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होईल. मग नोंदणीचं नूतनीकरण आलं, आरटीओत गाडी दाखवणं आलं, २०२२ पासून कारला पाच हजार झालेलं शुल्क आलं आणि वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. मेहुण्यांचं गणित चुकीचं नाही, ते महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं आहे. तुमचं रनिंग तसं असतं तर मी स्वतः डिझेल घ्या म्हटलं असतं. तेराशे सीसीचं ते इंजिन टिकाऊच होतं, फक्त आता त्याचं वय झालंय.

त्या ८२ हजारांवरही जरा थांबा. ही गाडी घेतली तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर खुले करेपर्यंत, डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. त्या काळात जास्त पैसे मोजून डिझेल घेणारा माणूस बहुतेक फिरतीचाच असायचा. त्याने वर्षाला सात-आठ हजारच चालवली असेल? असूही शकतं, दुसरा मालक घरबश्या असेल. पण पुरावा मागा. गाडी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुना रेकॉर्ड विचारा. विकणाऱ्याची हरकत नसेल तर बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि मालकाला सोबत नेलंत तर नक्की सांगतात. २०१८ मध्ये मीटर ९१ हजार आणि आज ८२, अशी गाडी मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिली आहे. मीटर मागे घेणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. ते ब्रेक पेडलच्या रबराला जमत नाही. रबरावरच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या असतील, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबून फाटली असेल, स्टिअरिंगला हाताची चमक आली असेल, तर ती गाडी ८२ हजारांची नाही. आणि दहा वर्षांच्या गाडीत रबर आणि स्टिअरिंग कव्हर दोन्ही कोरे करकरीत असतील, तर ते का बदलले, हेही विचारा.

आता पाहायला जाल तेव्हा काय करायचं. आदल्या रात्री फोन करून सांगा, सकाळी सातला येतो, त्याआधी गाडी चालू करू नका. गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी उठून गाडी तापवली आहे. थंड इंजिनच खरं बोलतं. इंजिनातल्या साखळीचा खडखडाट, अवघड स्टार्ट, सायलेन्सरमधून निळा धूर, हे सगळं पहिल्या दहा सेकंदांत दिसतं आणि गाडी तापली की लपतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर गारठ्यात थोडा वेळ निघतो, तो वाफेचा असतो, पण गाडी तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय.

इंजिन चालू करायच्या आधी नुसती चावी फिरवा आणि समोरचे दिवे बघा. इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. एअरबॅग असेल तर तिचाही तसाच लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका. कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलेला असू शकतो. फुटलेली एअरबॅग नवी न घालता वरचं झाकण चिकटवून विकलेल्या गाड्यांत हेच करतात. तुमच्या घरात लहान मूल आहे म्हणून हे सविस्तर लिहिलं. त्याच कारणाने शक्य असेल तर निदान ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलं व्हेरिएंट शोधा. २०१९ च्या आधी हे सक्तीचं नव्हतं, त्यामुळे त्या काळातल्या खालच्या व्हेरिएंटमध्ये बऱ्याचदा काहीच नसतं.

मग बॉनेट उघडा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत बोट फिरवा. ताकाच्या लोण्यासारखं पांढरट चिकट लागलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, म्हणजे हेड गॅसकेटचं, इंजिनाच्या वरच्या भागातल्या सीलचं, काम असू शकतं. कूलंटच्या टाकीत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ पाणी हवं. गढूळ, तांबडं असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय आणि रेडिएटर आतून गंजलाय. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टांनी बसवलेले असतात त्यांचे माथे बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. मडगार्ड बदललेलं असणं हा गुन्हा नाही, आपल्याकडे रिक्षा घासत नाही अशी गाडी कुठे आहे? पण रेडिएटरचा सपोर्ट, आतले पुढचे दोन दांडे आणि दरवाज्यांमधले पिलर यांवर हातोड्याचं टिनकाम किंवा ताजा सीलर दिसला तर मोठा अपघात झालेला असू शकतो, तिथूनच परत फिरा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीची आणि सालाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा.

गाडी चालवताना काचा वर, टेप बंद, आणि बोलणाऱ्या एजंटला मागे बसवा. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ते लोक फार बोलतात, कारण खालचा आवाज ऐकू येऊ नये. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू फिरवा. चाकातून कट-कट आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाही, तर क्लच प्लेट संपली. एसी लावून दहा मिनिटं गाडी जागेवर उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघत बसा. चिंचवडच्या सिग्नलला हीच परीक्षा रोज आहे.

इतकं झाल्यावर मेकॅनिक न्या. आधी नाही, नंतर. प्रत्येक गाडीला त्याला हजार रुपये देत बसलात तर तिसऱ्या गाडीला कंटाळून तुम्ही हो म्हणाल. पहिली चाळणी तुमची. जी गाडी उरेल ती व्हील अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन लिफ्टवर घ्या आणि गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा. कोकण, मुंबई, गोवा इथली गाडी असेल तर खालून गंज बघायलाच हवा. दाराखालच्या पट्टीत स्क्रू ड्रायव्हरने हलकं ठोका, भक्कम पत्रा वाजतो, गंजलेला दबतो. विकणारा लिफ्टवर घ्यायला तयार नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे वरचं सगळं करूनही काय राहू शकतं ते कळेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याकडे महापूर आला. कृष्णेचं पाणी अर्ध्या सांगलीत होतं, गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पुढचे सहा महिने मी चिखल भरलेल्या गाड्याच उघडत होतो. २०२० च्या सुरुवातीला भाच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गाडीबाजारातून एक सेडान घेतली. पासिंग तिकडचंच. म्हटलं, पुराचा इथे काय संबंध. इंजिन ऐकलं, गिअर बघितले, खालून बघितली, उत्तम. सीट कव्हर नवीन, आत अत्तराचा वास. महिना झाला नाही तोच सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करायला लागलं. मग वायपर मनानेच चालू. डॅशबोर्ड उघडला तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी धरलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि मी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. नेहमी आपण ओढतो तेवढा स्वच्छ होता. शेवटचं हातभर मात्र तपकिरी, आणि त्यावर पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या भिंतीवर राहते तशी सरळ रेघ. पंचनाम्यातल्या गाड्या मी रोज बघत होतो आणि एक पट्टा ओढायचं सुचलं नाही. त्या व्यवहारात नव्वद हजार गेले, वर बहिणीकडे वर्षभर तोंड दाखवायची चोरी.

म्हणून चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा, पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खाली वाळलेली माती आहे का बघा. पूर एका गावात येतो आणि गाड्या विकल्या जातात चार जिल्ह्यांत. २०२१ मध्ये चिपळूण-महाडलाही हेच झालं, आणि त्या गाड्याही फिरत फिरत कुठल्या तरी गाडीबाजारात उभ्या राहिल्याच असतील.

कागदांचं थोडक्यात. गाडी नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, कितवा मालक, विमा, नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा दिसेल. ई-चलन किती थकलंय ते वेगळं बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर मालक एक आणि विकणारा दुसराच, हे गाडीबाजारात सर्रास असतं. गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर जुन्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. अशा वेळी जुन्या मालकाशी निदान फोनवर बोला. पुष्कळदा तोच सांगून टाकतो, एजंटला किती किमतीला दिली आणि का दिली. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावाची नोंद झाली पाहिजे, नाहीतर तुम्ही आरटीओत चकरा माराल. पैसे बँकेतून द्या, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, पण त्याच्या पॉलिसीवर तो किती आहे हे जरूर बघा. पन्नास टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही. शून्य असेल तर काय झालं होतं ते विचारा.

दिल्लीकडची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर तूर्त नाही म्हणा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आल्यापासून त्या गाड्या इकडे येतात. दिसायला छान असतात, पण तिकडचं एनओसी, इथला कर, नवीन नंबर, या सगळ्यात किमतीचा फायदा संपतो. पहिल्या गाडीला हा व्याप नको.

मग घ्यायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर २०१५ ते २०१८ मधली पेट्रोल वॅगन आर, सेलेरिओ किंवा आय-टेन बघितली असती. स्विफ्टच हवी असेल तर पेट्रोल, तेवढ्या पैशांत या गाड्यांपेक्षा एक-दोन वर्षं आधीची मिळेल. कंपनीने बसवलेली सीएनजी वाईट नाही, पण डिकी जाते आणि तुम्ही गावाहून तांदळाचं पोतं आणणारच. कऱ्हाडच्या पुढे पंप कुठे आहे तेही आधी बघा, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का ते तपासा. ज्या कंपन्यांनी इथलं उत्पादन बंद केलं त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. काही खरंच दणकट आहेत, पण एका पार्टसाठी आठ दिवस थांबायची तयारी पाहिजे.

वेळ असेल तर घाई करू नका. दसरा-दिवाळीला लोक नव्या गाड्या घरी आणतात आणि त्यानंतरच्या महिन्यात जुन्या बाहेर निघतात. अशा घरगुती गाड्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसमध्ये तोंडी विकल्या जातात, गाडीबाजारापर्यंत येतच नाहीत. आणि पितृपक्षात गाडी घ्यायला हरकत नसेल तर घासाघीस फार छान होते, तेव्हा गाडीबाजारात माशा मारत बसलेले असतात.

त्या स्विफ्टला टोकन देऊ नका. उद्या गेली तर गेली. आठवड्याने पुन्हा चौकशी करा, बहुतेक तिथेच उभी असेल आणि किंमत उतरलेली असेल. आणि शेवटच्या दोन गाड्यांपर्यंत आलात की वडिलांना सोबत न्या. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सीटवर बसवून उतरायला सांगा. स्विफ्टची सीट खाली आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. वॅगन आरमध्ये खुर्चीवर बसल्यासारखं आडवं सरकून बसता येतं. पाटणपर्यंत चार-साडेचार तास बसायचं आहे त्यांना.